मीटिंगमधला ‘नोटटेकर’ नेमकं काय लिहितो? त्यावर किती विश्वास ठेवायचा?

ऑनलाइन मीटिंग सुरू झाली आहे. स्क्रीनवर सात चौकोन दिसतायत. सहा चौकोनांत माणसं आहेत. सातव्यात चेहरा नाही, फक्त नाव आहे: अमुकतमुक यांचा नोटटेकर. तो बोलत नाही, कॅमेरा चालू करत नाही, ‘माझा आवाज येतोय का?’ असंही विचारत नाही. मीटिंग संपते आणि थोड्याच वेळात सगळ्यांच्या मेलवर एक पान येऊन पडतं. कोण काय बोललं, काय ठरलं, कुणी कोणतं काम कधीपर्यंत करायचं, सगळं मुद्देसूद.

मीटिंगच्या मिनिट्स लिहिण्याचं काम ज्यांच्या गळ्यात पडलंय (आणि ऑफिसात ते बहुतेक वेळा सगळ्यात ज्युनिअरच्याच गळ्यात पडतं), त्यांना हे वरदान वाटतं. वाटणारच. पण त्या पानावर ‘निर्णय’ म्हणून जे लिहिलंय, ते मीटिंगमध्ये खरंच ठरलं होतं का? आणि नसेल, तर उद्या भांडण झाल्यावर कुणाचं खरं धरायचं?

हा प्रश्न आता आयटी कंपन्यांपुरता उरलेला नाही. हे तंत्रज्ञान सर्वोच्च न्यायालयात वापरलं गेलंय, डॉक्टरांच्या केबिनमध्ये आलंय आणि ग्रामसभेपर्यंत पोहोचलंय. त्यामुळे ते काय आहे, कसं चालतं, कुठे चुकतं आणि आपण काय काळजी घ्यायची, हे सोप्या भाषेत समजून घेऊ.

हे सॉफ्टवेअर म्हणजे नक्की काय?

माणसांचं बोलणं ऐकून त्याचं लिखाण करणारं आणि त्या लिखाणातून मुद्दे काढून देणारं सॉफ्टवेअर, अशी त्याची साधी व्याख्या करता येईल. त्याचे ढोबळमानाने चार प्रकार दिसतात.

पहिला, मीटिंगमध्ये पाहुण्यासारखा येऊन बसणारा बॉट. ऑटर आणि फायरफ्लाइज ही यातली गाजलेली नावं. तुमच्या कॅलेंडरला तो जोडलेला असला की मीटिंगची वेळ झाल्यावर आपणहून हजर होतो.

दुसरा, मीटिंगच्या ॲपमध्येच असलेली सोय. झूमचा एआय कम्पॅनिअन, मायक्रोसॉफ्ट टीम्समधला कोपायलट आणि गूगल मीटमधली नोट्स घेण्याची सुविधा हे सगळं २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत आलं. इथे वेगळा चौकोन दिसत नाही. कोपऱ्यात छोटी खूण दिसते, तीही लक्ष असेल तर.

तिसरा प्रकार म्हणजे फोनमधलं रेकॉर्डर ॲप किंवा शर्टाला लावायचं छोटं यंत्र. समोरासमोरच्या गप्पाही ते टिपतं.

चौथा, एखाद्या व्यवसायासाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर. डॉक्टर आणि पेशंटचं बोलणं ऐकून केसपेपर तयार करणारं किंवा कोर्टातली साक्ष लिहून घेणारं.

हे अचानक कुठून आलं?

अचानक आलेलं नाही. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जने ‘ऑड्री’ नावाचं यंत्र बनवलं होतं. त्याला फक्त शून्य ते नऊ हे आकडे कळायचे, तेही ओळखीच्या आवाजात. १९६२ मध्ये आयबीएमने सिअ‍ॅटलच्या जागतिक प्रदर्शनात ‘शूबॉक्स’ हे यंत्र दाखवलं. त्याची मजल सोळा शब्दांपर्यंत गेली होती. प्रत्येक शब्दानंतर न थांबता सलग बोललेलं टाइप करणारं ‘ड्रॅगन नॅचरली स्पीकिंग’ हे सॉफ्टवेअर सामान्य ग्राहकांच्या हाती आलं १९९७ मध्ये. तेव्हाही एका माणसाने स्पष्ट, माइकसमोर बसून बोलायचं असा मामला होता. सात जण एकमेकांचं बोलणं तोडत बोलतायत, मागे कुकरची शिट्टी होतेय, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं.

चित्र बदललं ते गेल्या दहा-बारा वर्षांत, न्यूरल नेटवर्क या तंत्रामुळे. यात मशीनला उच्चारांचे नियम शिकवत बसत नाहीत. हजारो तासांचं बोलणं आणि त्याचं लिखाण असं जोडीने देतात, आणि कोणत्या आवाजाला कोणती अक्षरं हे ते स्वतःच शिकतं. सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयने ‘व्हिस्पर’ हे मॉडेल सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. त्याच वर्षाच्या शेवटी चॅटजीपीटी आलं. एक बोलणं लिहून देणार आणि दुसरं त्या लिखाणाचा सारांश काढणार. हे दोन्ही जोडलं की नोटटेकर तयार!

यातला एक किस्सा मात्र सांगायलाच हवा. फायरफ्लाइज या कंपनीच्या एका संस्थापकाने २०२५ मध्ये स्वतःच जाहीरपणे सांगितलं की सुरुवातीच्या काळात त्यांचा ‘एआय’ म्हणजे ते दोघे मित्रच होते. ग्राहकाच्या मीटिंगमध्ये बॉटच्या नावाने गुपचूप बसायचे, हाताने नोट्स काढायचे आणि पाठवून द्यायचे. सोशल मीडियावर यावर हसणारे होते तसेच चिडणारेही होते. आपल्या खासगी बोलण्यात एक अनोळखी माणूस बसला होता, हे कळल्यावर कुणालाही राग येईल. पण आता माणसाऐवजी खरंच मशीन बसतं, म्हणून तो प्रश्न सुटला का? त्याकडे पुढे येऊ.

बोलण्याच्या नोट्स कशा होतात?

बाहेरून एकच काम दिसतं, पण आत तीन वेगवेगळी कामं चालतात. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचं सगळं सोपं होईल.

पहिलं काम शब्दांकनाचं. तुमच्या आवाजाचे बारीक तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकड्यात कोणते स्वर उंच, कोणते खोल याचं एक चित्र तयार होतं. हे चित्र पाहून मॉडेल अंदाज करतं की इथे कोणता शब्द असावा. ‘अंदाज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नीट ऐकू आलं नाही तर माणूस म्हणतो, ‘काय म्हणालात?’ मॉडेल विचारत नाही, आजूबाजूचे शब्द पाहून जो जास्त शक्य वाटेल तो शब्द टाकून पुढे जातं.

दुसरं काम म्हणजे कोण बोललं ते वेगळं करणं. ऑनलाइन मीटिंगमध्ये प्रत्येकाचा माइक वेगळा असतो, त्यामुळे हे तुलनेने सोपं. पण एका टेबलावर एकच फोन ठेवून पाच जण बोलत असतील, तर फक्त आवाजाच्या पोतावरून माणसं ओळखावी लागतात. दोन बहिणींचे आवाज सारखे असले, किंवा दोघे एकदम बोलले, की एकाचं वाक्य दुसऱ्याच्या नावावर जमा होतं.

तिसरं काम सारांशाचं. लिहून झालेलं सगळं एका मोठ्या भाषा मॉडेलला दिलं जातं आणि सांगितलं जातं की यातले मुद्दे, निर्णय आणि कामं वेगळी काढ. इथे एक गोम आहे. साच्यात ‘निर्णय’ नावाचा रकाना असला की मॉडेलचा कल तो भरण्याकडे असतो. मीटिंगमध्ये तासभर नुसताच काथ्याकूट झाला आणि काहीच ठरलं नाही, तरी नोट्समध्ये दोन-तीन निर्णय सापडू शकतात.

म्हणजे आपल्या हातात येणारं पान मूळ बोलण्यापासून तीन पायऱ्या दूर असतं. रेकॉर्डिंग म्हणजे जे घडलं ते. शब्दांकन म्हणजे मशीनला जे ऐकू आलं ते. सारांश म्हणजे जे ऐकू आलं त्यातलं मशीनला जे महत्त्वाचं वाटलं ते. आणि आपण बहुतेक वेळा वाचतो ती फक्त शेवटची पायरी.

मशीन न बोललेलं लिहू शकतं का?

हो. याला तंत्रज्ञ मंडळी ‘हॅल्युसिनेशन’ म्हणतात, म्हणजे भास.

कॉर्नेल विद्यापीठ आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी २०२४ मध्ये व्हिस्परची तपासणी केली. साधारण एक टक्का ध्वनिफितींमध्ये त्यांना अशी वाक्यं सापडली जी कुणी बोललेलंच नव्हतं. त्यातली ३८ टक्के वाक्यं नुकसान करू शकतील अशी होती. कुठे हिंसेचा उल्लेख, कुठे चुकीची माहिती. बोलताना मध्ये मोठी शांतता असली की हे जास्त व्हायचं. मेंदूला इजा झाल्याने ज्यांना बोलताना शब्द सापडत नाहीत, थांबत थांबत बोलावं लागतं, अशा माणसांच्या बाबतीत भासाचं प्रमाण अधिक होतं. म्हणजे ज्यांना आपलं म्हणणं मांडायला आधीच त्रास होतो, त्यांच्याच तोंडी भलतं वाक्य जाण्याची शक्यता जास्त.

एक टक्का तसा किरकोळ वाटतो. पण डॉक्टरांच्या केबिनमध्ये तो किरकोळ राहत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बातमी दिली की व्हिस्परवर आधारलेलं एक सॉफ्टवेअर अमेरिकेतले आणि इतर देशांतले मिळून ३० हजारांहून जास्त डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी वापरतात. आणि ते सॉफ्टवेअर गोपनीयतेसाठी मूळ आवाज पुसून टाकतं. हेतू चांगला आहे. पण नोंद बरोबर आहे की नाही हे तपासायला नंतर काही उरतच नाही.

इथेच या तंत्रज्ञानातला खरा पेच आहे. आवाज जपून ठेवला तर खासगीपणा धोक्यात, पुसला तर पुरावा गेला.

मराठीत काय होतं?

इंग्रजीत या सॉफ्टवेअरने चांगलीच मजल मारली आहे. मराठीत मात्र वेगळ्या अडचणी आहेत.

पहिली अडचण शिकवणीची. व्हिस्परचं पहिलं मॉडेल ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर तयार झालं होतं. त्यात इंग्रजी बोलणं आणि त्याचं इंग्रजी लिखाण अशी जोडी होती सुमारे ४ लाख ३८ हजार तासांची. मराठी बोलणं आणि त्याचं मराठी लिखाण? एका तासाहूनही कमी. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटींहून जास्त लोकांची मातृभाषा असलेल्या भाषेची ही अवस्था. कारण सरळ आहे. इंटरनेटवर मराठी व्हिडिओ ढिगाने आहेत, पण ते जसंच्या तसं लिहून ठेवलेलं फारसं नाही.

ही कमतरता भरून काढायचं काम भारतात सुरू आहे. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ उपक्रम जुलै २०२२ मध्ये सुरू झाला. आयआयटी मद्रासमधला ‘एआय फॉर भारत’ हा गट भारतीय भाषांमधलं खऱ्या लोकांचं बोलणं गोळा करून खुलं करतो. काही भारतीय कंपन्यांची मॉडेल्सही मराठी ऐकतात. त्यामुळे आज मराठीचं शब्दांकन चार वर्षांपूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलंय.

पण शब्द बरोबर आले म्हणजे अर्थ बरोबर आला असं होत नाही. आता आपल्याच बोलण्यातली काही उदाहरणं बघा.

‘पैसे आत्ता देऊ नका’ आणि ‘पैसे आत्ता देऊन टाका’. दोन्ही वाक्यं जरा भरभर म्हणून पाहा. माइक लांब असेल, पंखा जोरात चालू असेल, तर या दोन वाक्यांत फरक किती उरतो? ऐकण्यात थोडासा, अर्थात पूर्ण उलटा.

आकड्यांचंही तसंच. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट. शिवाय आपण रक्कम सांगताना सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन असं बोलतो. ‘सव्वा लाख’ आणि ‘सव्वादोन लाख’ यात एका छोट्या आवाजाचा फरक आणि एक लाख रुपयांचं अंतर.

मग येतं ते ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘गळती आम्ही काढून देऊ’ असं बिल्डरचा माणूस म्हणाला तर खर्च त्याचा. ‘गळती आपण काढून घेऊ’ म्हणाला तर वर्गणी सगळ्यांची. नोट्स इंग्रजीत काढायला लावल्या की दोन्हीकडे एकच शब्द येतो, ‘वी’. कुणाच्या खिशातून पैसे जाणार, ते गायब.

आणि सगळ्यात अवघड शब्द आहे ‘बघू’. मराठी माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, म्हणून तो म्हणतो, ‘बघू या’, ‘करू काहीतरी’, ‘विचार करायला हरकत नाही’. समोरच्याला बरोबर कळतं की हा नकार आहे. मशीनला मात्र त्यात होकार दिसू शकतो आणि ते कामांच्या यादीत नाव टाकून मोकळं होतं.

बोलींचा प्रश्न तर आहेच. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्याचं म्हणणं मशीनला कळलं नाही तर ते प्रमाण मराठीतला जवळचा वाटेल तो शब्द टाकतं. आणि पानावर सगळं शुद्ध, स्वच्छ दिसतं. चूक आहे हे पाहूनही कळत नाही, ही खरी गडबड. माणसाने घाईत काढलेल्या नोट्समध्ये खाडाखोड असते, प्रश्नचिन्ह असतं. मशीनच्या नोट्समध्ये चूकसुद्धा नीटनेटक्या अक्षरात येते.

कोर्टात आणि ग्रामसभेत काय चाललंय?

२१ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठासमोर पहिल्यांदाच एआयच्या मदतीने सुनावणीचं थेट शब्दांकन झालं. सुनावणी कोणती होती माहितीये? शिवसेनेतल्या फुटीनंतरच्या महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाची. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी तेव्हाच सांगितलं होतं की दोन जण एकाच वेळी बोलले तर थोडी अडचण होईल, पण संध्याकाळपर्यंत चुका दुरुस्त करायला माणसं आहेत. मशीन लिहील आणि माणूस तपासेल, ही व्यवस्था पहिल्याच दिवशी ठरली होती. पुढे केरळ उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०२५ पासून राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांत साक्षी नोंदवण्यासाठी असं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक केलं.

आता गावाकडे येऊ. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ ला ‘सभासार’ हे साधन सुरू केलं. ग्रामसभेचं व्हिडिओ किंवा ऑडिओ रेकॉर्डिंग त्यावर टाकायचं, ते बोलण्याचं शब्दांकन करतं आणि सभेचं इतिवृत्त तयार करून देतं. ते भाषिणीवर चालतं आणि त्यात मराठीही आहे. सुरुवातीला त्रिपुरातल्या ग्रामसभांमध्ये ते वापरायचं ठरलं.

ग्रामसभेला कधी गेला असाल तर तिथलं चित्र तुम्हाला ठाऊक असेल. एका कोपऱ्यात ग्रामसेवक प्रोसिडिंग बुक घेऊन बसलेले. सभेत घरकुलापासून गटारापर्यंत सगळ्यावर आरडाओरडा. प्रोसिडिंगमध्ये मात्र ‘विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ आपण विरोधात बोललो होतो ते आलंच नाही, ही तक्रार नवी नाही. अशा ठिकाणी रेकॉर्डिंगवरून तयार होणारं इतिवृत्त दुबळ्या माणसाच्या बाजूने उभं राहू शकतं. कोपऱ्यातून उठून बोललेल्या बाईचं नाव आणि म्हणणं कागदावर येऊ शकतं.

पण तेच उलटही होऊ शकतं. ती बाई अहिराणीत बोलली, माइक सरपंचांच्या टेबलावर होता, तिचा आवाज पोहोचलाच नाही. मग ती सभेत बोलली याचा पुरावाच राहणार नाही. आणि आता सांगितलं जाईल की ‘मशीननेच लिहिलंय, यात कुणाचा हात नाही.’ माणसाने लिहिलेल्या प्रोसिडिंगवर निदान आक्षेप घेता येतो, लिहिणाऱ्याला जाब विचारता येतो. मशीनचं नाव पुढे करून ही जबाबदारी कुणी झटकता कामा नये. खाली ज्याची सही, त्याचं उत्तरदायित्व.

आपला आवाज जातो कुठे?

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तिथे तो किती दिवस राहतो, त्यावर मॉडेलला शिकवलं जातं का, हे त्या कंपनीच्या अटींवर ठरतं. आणि अटी कोण वाचतं?

कधी कधी लोक वाचतात. ऑगस्ट २०२३ मध्ये झूमच्या बदललेल्या अटींमधली काही वाक्यं सोशल मीडियावर फिरली. आपल्या मीटिंगवर एआयला शिकवणार की काय, म्हणून ओरड झाली. कंपनीला अटी पुन्हा लिहाव्या लागल्या. ग्राहकांचा आवाज, व्हिडिओ आणि चॅट वापरून एआय मॉडेल्सना शिकवणार नाही, असं जाहीर करावं लागलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायालयात ऑटरविरुद्ध खटला दाखल झाला. दावा करणारा माणूस ऑटर वापरतच नव्हता. तो ज्या झूम मीटिंगमध्ये होता तिथे समोरच्याने ऑटर चालू ठेवलं होतं. आपल्या परवानगीशिवाय आपलं बोलणं टिपलं गेलं आणि मॉडेलला शिकवायला वापरलं गेलं, असा त्याचा आरोप आहे. न्यायालय काय ठरवेल ते ठरवेल, पण मुद्दा आपल्या सगळ्यांचा आहे. अटींना ‘मान्य आहे’ म्हणणारा एकच असतो, बोलणारे पाच असतात.

कधी गळती कंपनीकडून होत नाही, सेटिंगमुळे होते. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका इंजिनिअरने एक्सवर आपला अनुभव लिहिला होता. गुंतवणूकदारांबरोबर त्याची झूम मीटिंग झाली. तो मीटिंगमधून बाहेर पडला, बाकीचे बोलत राहिले आणि नोटटेकरही ऐकत राहिला. नंतर त्या बोलण्याचं सगळं शब्दांकन आपोआप त्याच्या मेलवर आलं. त्यात कंपनीच्या अशा गोष्टी होत्या की त्याने व्यवहारच मोडला. नोटटेकरला कोण निघून गेलं, आता बोलणं खासगी झालं, हे समजत नाही. त्याला फक्त यादी माहीत असते. यादीत नाव, तर मेल रवाना!

भारतात कायदा काय म्हणतो?

कॅलिफोर्नियासह अमेरिकेतल्या काही राज्यांत खासगी बोलणं रेकॉर्ड करायला सगळ्यांची संमती लागते. भारतात असा थेट, स्वतंत्र कायदा नाही. जे आहे ते वेगवेगळ्या निकालांतून आणि कायद्यांतून जोडून पाहावं लागतं.

यातला एक जुना निकाल मुंबईचा आहे. ‘आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९७२ च्या खटल्यात लाचेच्या मागणीचं फोनवरचं बोलणं टेप केलेलं होतं. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची त्याला संमती होती. सर्वोच्च न्यायालयाने ती टेप पुरावा म्हणून ग्राह्य धरली. पण अटी घातल्या. बोलणं प्रकरणाशी संबंधित हवं, आवाज ओळखता आला पाहिजे आणि टेपमध्ये छेडछाड झालेली नाही हे सिद्ध झालं पाहिजे.

इथे आपल्या तीन पायऱ्या आठवा. हा निकाल टेपबद्दल आहे, म्हणजे पहिल्या पायरीबद्दल. एआयने काढलेल्या सारांशात आवाजच नसतो, मग ओळखणार काय? म्हणून ‘नोट्समध्ये लिहिलंय’ हा वाद जिंकण्याचा हुकमी एक्का समजू नका.

दुसरा कायदा म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. कोणता डेटा घेतला जातोय आणि कशासाठी, हे स्पष्ट सांगून संमती घेणं हा त्याचा गाभा आहे. दिलेली संमती मागे घेण्याचा हक्कही त्यात आहे. मात्र एखाद्याने फक्त खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू होत नाही.

मग वापरायचं की नाही?

वापरायला हरकत नाही. तासभराच्या मीटिंगमधून एखादा मुद्दा शोधायला, मीटिंग चुकलेल्याला कल्पना द्यायला, ज्याला कमी ऐकू येतं त्याला चर्चेत सामील करून घ्यायला हे साधन फार उपयोगाचं आहे. ज्युनिअरलाही मान खाली घालून लिहीत बसण्याऐवजी मीटिंगमध्ये चार शब्द बोलता येतात. फक्त या गोष्टी पाळा.

वापरणार असाल तर:

• सुरुवातीलाच सांगा, ‘नोट्ससाठी एआय चालू आहे, कुणाची हरकत आहे का?’ आणि कुणी हरकत घेतली तर खरंच बंद करा.
• नोट्स सगळ्यांना आपोआप जाण्याची सेटिंग बंद ठेवा. आधी स्वतः वाचा, मग पाठवा.
• मीटिंग संपण्याआधी दोन मिनिटं राखून ठेवा आणि ठरलेल्या गोष्टी एकाने मोठ्याने, पूर्ण वाक्यात सांगा. ‘लिफ्टच्या दुरुस्तीला मंजुरी दिलेली नाही. पुढच्या मीटिंगला दोन कोटेशन्स आणायची.’ ‘बघू’ला इथे जागा नाही. रक्कम सांगताना ‘सव्वादोन लाख, म्हणजे दोन लाख पंचवीस हजार’ असं दोनदा सांगा. मशीनही चुकणार नाही आणि माणसंही.
• आलेल्या नोट्समधले आकडे, तारखा, नावं आणि ‘नाही’ असलेली वाक्यं त्याच दिवशी तपासा. आठवड्याने मीटिंग कुणालाच नीट आठवत नाही.
• नोट्स सगळ्यांनी मान्य करेपर्यंत रेकॉर्डिंग ठेवा. मान्य झाल्या की पुसून टाका. पुरावा की खासगीपणा, या पेचातून निघायचा हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

समोरच्याने नोटटेकर आणला असेल तर:

• हे काय आहे आणि नोट्स कुणाकुणाला जाणार, हे विचारायला संकोच करू नका. त्यात उद्धटपणा नाही.
• आजारपण, पगार, घरातली भांडणं, कुणाची तक्रार, असे विषय निघाले की ‘हा भाग रेकॉर्डिंग बंद करून बोलू या’ असं म्हणा.
• तुमच्या नावावर चुकीचं वाक्य आलं असेल तर लगेच लेखी कळवा. ‘मी असं म्हणालो नव्हतो’ हे त्याच दिवशीच्या मेलवर असेल तर त्याला किंमत. सहा महिन्यांनी सांगितलं तर ती सबब वाटते.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक जुनी पद्धत असते. नवी सभा सुरू झाली की आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं. आपल्यापैकी बहुतेकांना तो भाग कंटाळवाणा वाटतो, फोन काढून बसायची वेळ वाटते. नोट्स लिहायचं काम मशीनकडे गेल्यावर तीच पाच मिनिटं सगळ्यात कामाची ठरणार आहेत. पुढच्या वेळी ‘मागील इतिवृत्त कायम करणे’ हा विषय आला की फोन खिशात ठेवा आणि काय वाचतायत ते ऐका.